विमानातला मुराळी

बीडला विमानतळ नाही. हे बीडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण फोनला सांगावं लागतं. ‘बीड ते बेंगळुरू विमानाने किती वेळ’ असं मी फोनला विचारलं, तर त्याने एक पान उघडून न लाजता उत्तर दिलं, सव्वा तास. सोबत नकाशा होता. नकाशावर बीडपासून बेंगळुरूपर्यंत एक निळी रेघ आणि रेघेवर माशीएवढं विमान. ते विमान बीडमध्ये नेमकं कुठून उडालं असेल, यावर मी नेकनूरला आमच्या ओट्यावर बराच वेळ विचार केला. बार्शी नाक्यावर तर हातगाड्या हटता हटत नाहीत.

बायको दारात येऊन म्हणाली, “कावून हसता एकटेच?”

“बीडवरून सव्वा तासात बेंगळुरू, म्हनं.”

“मग काय वाईट हाय? जा की.”

तिला त्यातला विनोद समजावून सांगणं अवघड होतं. माझी उभी नोकरी बसस्टँडावर कंट्रोलर म्हणून गेली. जाळीच्या खिडकीत बसायचं, आलेली गाडी टिपून घ्यायची, सुटणारी गाडी माइकवरून पुकारायची आणि ‘पाटोद्याची गाडी कधी लागंल’ असं विचारणाऱ्या प्रत्येकावर सारख्याच आवाजात ओरडायचं. त्या नोकरीने मला एवढं पक्कं शिकवलं, की अंतर आणि वेळ यांचं एकमेकांशी पटत नाही. नेकनूर ते बीड रस्ता रोज तेवढाच असतो, पण बाजाराच्या दिवशी तो दुप्पट लांब होतो. फोनवरच्या त्या पानाला बाजार माहीत नव्हता, मांजरसुंब्याचा घाट माहीत नव्हता, काहीच माहीत नव्हतं.

नोकरीने दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे चुळबुळ. निवृत्त झालो तरी मला एका जागी बसवत नाही. कुठे जायचं असलं की मी तासभर आधी तयार असतो आणि चपला घालून ओट्यावर येरझाऱ्या घालतो. बायको म्हणते, “तुमच्या बुडाला मुंग्या हायत.” त्या दिवसांत मुंग्या जरा जास्तच झाल्या होत्या.

आमची एकुलती एक लेक बेंगळुरूला असते. ती आणि जावई दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत. लग्नाला चार वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. बायकोने मागच्या खोलीला रंग देऊन घेतला, बाज नव्याने विणून घेतली, न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाईला सांगून ठेवलं, शेपा-ओवा निवडून डबे भरून ठेवले. आता लेकीने यायचं तेवढं बाकी होतं, आणि तेवढंच जमत नव्हतं.

सातव्यात आणायची, तर तिचं ऑफिस सुटेना. मग आठवा लागला आणि बायकोने हात वर केले.

“आठव्यात बाईला हलवत न्हाईत.”

“कावून?”

“न्हाई हलवत म्हंजी न्हाई. माझ्या मायनं कुनाला हलवलं न्हाई, तिच्या मायनं हलवलं न्हाई. सातव्यात आना, न्हाईतर नववा लागू द्या.”

लेकीला फोन केला तर तिने तिसराच नियम सांगितला. विमानवाले छत्तीस आठवड्यांनंतर बाईला घेत नाहीत. त्याच्या आतही डॉक्टरची चिठ्ठी लागते. रेल्वेने आणायची तर सगळी रात्र जाऊन वर अर्धा दिवस, आणि परळीला उतरल्यावर पुढे घरापर्यंत रस्त्याचे हादरे. मोटारीचा तर विचारच नको. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. बायकोच्या हिशेबाचा नववा लागणार आणि विमानवाल्यांचे छत्तीस आठवडे भरणार, या दोन्हींच्या मध्ये जेमतेम आठवडाभराची जागा उरत होती. फलाटावर दोन गाड्यांच्या मधून शेंगदाणेवाला घुसतो, तेवढीच.

मी म्हणालो, “त्याच आठवड्यात आनतो तिला. मी जातो.”

“तुमी?”

“मग मुराळी कोन जानार? भाऊ हाय का तिला?”

मुराळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी आणायला जातो तो माणूस. बहुतेक भाऊ असतो, नाहीतर चुलता, नाहीतर बाप. नुसता निरोप धाडून लेक येत नसते, तिला न्यायला माणूस यावा लागतो, त्यात तिचा मान असतो. बायकोचं माहेर पाटोद्याच्या अलीकडे एका वस्तीवर होतं. आमचं लग्न नवीन होतं तेव्हा पंचमीला, दिवाळीला तिचा भाऊ मुराळी म्हणून यायचा. तो रस्त्याने दिसला की ही हातातलं काम टाकून पळत ओट्यावर यायची आणि मग काहीच झालं नाही असं दाखवत आत जायची. पुढे तिचे आई-वडील गेले. भावाने जमीन विकून पुण्याकडे बिऱ्हाड हलवलं आणि तो आपल्या संसारात अडकला. त्यानंतर काही वर्षं पंचमी आली की ही सकाळपासून रस्त्याकडे बघायची. कुणी येणार नाही हे माहीत असून बघायची. मग तिने बघायचंही सोडलं.

तिला माहेराहून परत आणायला मी जायचो, तेही कंट्रोलरच्याच पद्धतीने. उभ्या उभ्या पाणी, उभ्या उभ्या चहा. सासूबाई म्हणायच्या, “पावनं, पुरनाचं टाकते, मुक्काम करा.” मी म्हणायचो, “दोनची गाडी चुकंल.” त्या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या मला तोंडपाठ होत्या. सासरवाडीत मी चपला काढून, मांडी घालून बसलो असं कुणी पाहिलेलं नाही. मला त्याचा तेव्हा अभिमानच होता.

तर मुराळी म्हणून मी निघालो. जाताना रेल्वेने, परळीवरून. एकट्या जिवाला विमान कशाला? जन्मात विमानात बसलो नव्हतो, आणि बसायचं तर लेकीच्या शेजारी बसायचं, असं मी मनात धरलं होतं. बायकोने दशम्या, चटणी, लेकीसाठी नवं लुगडं असं सगळं बांधून दिलं आणि चार-चारदा बजावलं, “पोरीला हळू आना. जल्दी करू नगा तुमची.” परळीला थर्मल वीजकेंद्राच्या राखेने स्टेशनच्या बाहेरची झाडं नेहमीसारखी करडी झालेली होती. गाडीत मला जागा मिळाली होती, पण मी तिच्यावर फारसा बसलो नाही. दर स्टेशनला दारात जाऊन उभा राहायचो आणि गाडी किती उशिरा चालली आहे ते येऊन शेजारच्या माणसाला सांगायचो. शेवटी त्याने तोंडावर चादर ओढून घेतली.

बेंगळुरूला लेकीने दार उघडलं. फोनमध्ये रोज बघत होतो, पण फोनमध्ये नुसतं तोंड दिसतं. ती दाराला हात धरून उभी होती, एवढं मोठं पोट, आणि तोंड मात्र शाळेत जायची तेव्हाचंच. मी पिशवी खाली ठेवायची विसरलो.

“अप्पा, आत तर या.”

जावई म्हणाले, “मामा, बसा. चहा घ्या.”

“बसायचं न्हाई आता, परवा निघायचंय,” मी म्हणालो, आणि दोघंही हसले.

निघायच्या दिवशी माझ्या हिशेबाने आम्ही फारच उशिरा निघालो होतो, त्यांच्या हिशेबाने फारच लवकर. विमानाला संभाजीनगरपर्यंत लागणार होता दीड तास. पण घरून विमानतळाला पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागला. सगळ्या रस्त्यावर मोटारी नुसत्या एकमेकींच्या पाठीला चिकटून उभ्या. मी पुढच्या सीटवर बसून पायाने ब्रेक दाबत होतो, आणि आमच्या गाडीला तर माझ्या बाजूला ब्रेक नव्हता. मागे लेक डोळे मिटून बसलेली. मी विचारलं, “बरं हाय ना?” ती म्हणाली, “बरं हाय अप्पा. तुमी पुढं बघा.”

विमानतळाच्या दारात जावयांना आत सोडेनात. ज्याचं तिकीट त्यालाच आत प्रवेश. तिथून पुढे लेक माझ्या ताब्यात. मला एकदम जबाबदार वाटायला लागलं. सामानाच्या रांगेत आमचा नंबर जवळ आला तेवढ्यात लेक म्हणाली, “अप्पा, मी बाथरूमला जाऊन येते, तुमी थांबा रांगेत.” डॉक्टरची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये होती आणि पर्स तिच्या खांद्याला. ती गेली आणि आमचा नंबर लागला.

काउंटरवरची पोरगी चुणचुणीत होती. मराठी तिला येत नव्हतं, माझं हिंदी तिला कळत नव्हतं. आमच्याकडचं हिंदी निजामाच्या वेळचं, त्यात मराठी मिसळलेलं, ते बेंगळुरूच्या पोरीला कुठून कळणार? तिने दोन तिकिटं पाहिली, दूरवर जाणाऱ्या लेकीकडे पाहिलं, आणि हसून विचारलं, “सर, कितने महीने?”

इतके दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मी छाती काढून सांगितलं, “नववा लागला.”

“जी?”

“नाइन,” मी म्हणालो, आणि पक्कं व्हावं म्हणून नऊ बोटं वर केली. “नाइन लागला.”

तिचं हसू गेलं. “नाइन मंथ्स?”

“यस. नाइन.”

आता यात मी काय चुकीचं बोललो, ते मला तेव्हा खरंच कळलं नाही. आमच्याकडे महिना लागतो. आठ भरले की नववा लागतो. बायका कधी ‘आठ झाले’ असं म्हणत नाहीत, पुढचा लागलेला सांगतात. आणि स्टँडवरही गाडी लागली म्हणजे ती फलाटाला येऊन उभी राहिली, सुटली नव्हे. अजून कंडक्टर चहा पीत असतो, अजून माणसं पोती चढवत असतात. गाडी लागली हे मी माइकवरून हजारदा सांगितलं असेल आणि ते ऐकून ‘गाडी गेली’ म्हणून घरी परतलेला माणूस मी पाहिलेला नाही. पण त्या पोरीच्या कानाला माझा लागलेला नववा पुरा भरून गेलेला ऐकू गेला. तिने फोन उचलून कुणालातरी बोलावलं.

लेक परत आली तोवर एक वरचे साहेब येऊन उभे होते. तिने चिठ्ठी काढून दाखवली, इंग्रजीत बरंच बोलली. साहेब माणूस भला होता. कागद बरोबर आहे म्हणाला. पण घरची माणसं नऊ म्हणतात, तर आमचे इथले डॉक्टर एकदा बघून घेतील, पाच मिनिटांचं काम आहे. लेकीने माझ्याकडे वळून विचारलं, “अप्पा, काय सांगितलं तुमी त्यांना?”

“खरं तेच सांगितलं. नववा लागला.”

तिने कपाळाला हात लावला. ती हसते आहे की रडते आहे ते मला दिसेना.

डॉक्टरच्या खोलीबाहेर मी येरझाऱ्या घालत होतो. समोर भिंतीवर मोठ्या पडद्यावर सुटणाऱ्या विमानांची यादी होती, आमचं विमान वरून तिसरं, मग दुसरं. आत काय चाललंय कळत नव्हतं. पाच मिनिटांची पंधरा झाली. मग दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि हळू आवाजात इंग्रजीत काही म्हणाल्या. त्यातला ‘बीपी’ तेवढा मला कळला. लेक आत खुर्चीवर बसली होती. तिने सँडलचे पट्टे सोडले होते आणि पावलं फुगून वर आली होती.

“बीपी लई वाढलंय म्हनतात अप्पा. विमानात बसायचं न्हाई. आधी दवाखान्यात जा म्हनतात.”

“कदीपसून दुखतंय तुला?”

“सकाळपसून डोकं दुखतंय.”

“मग सांगितलं कावून न्हाईस?”

ती म्हणाली, “तुमी इतक्या लांबून न्यायला आलतात.”

मला तिचा राग आला, स्वतःचा आला, विमानाचा आला, सगळ्यांचा आला. बाहेर येऊन पाहिलं तर आमचं विमान पडद्यावर सगळ्यात वर पोचलं होतं. मी साहेबाला म्हणालो, आमच्या स्टँडवर बाई अडली असती तर मी गाडी अर्धा तास उभी केली असती. त्याला ते कळलं नाही, पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने आमची ओळ पडद्यावरून नाहीशी झाली. लेकीच्या शेजारी बसून करायचा माझा पहिला विमानप्रवास असा खुर्च्यांच्या रांगेसमोर उभ्यानेच संपला.

जावई अजून परतीच्या वाटेवरच होते, ते तसेच वळले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लेकीला ठेवून घेतलं. वेळेवर आणलंत म्हणाले. आधी विमान, मग संभाजीनगरहून गेवराईवरून बीड, बीडहून घाट चढून नेकनूर, एवढ्या रस्त्यात काहीही झालं असतं. आता बाळंत होईपर्यंत हिला कुठे हलवायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे रंगवलेली खोली, विणलेली बाज, सांगून ठेवलेली बाई, सगळं नेकनूरला, आणि लेक इथे. मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून बायकोला फोन लावला. ती फोनची वाटच बघत होती.

“उतरलात का?”

“बसलोच न्हाई.” मग मी सगळं सांगितलं. बोटांचंही सांगितलं.

मला वाटलं, आता माझ्या तोंडाचा उद्धार होणार. ती म्हणाली, “पोरगी बरी हाय ना?”

“हाय. झोपलीय.”

“मग नववा लागला म्हनलात त्यात काय वाईट म्हनलात? लागलाच व्हता. मी येते तिकडं.”

“येते म्हंजी? कशी?”

“तुमच्या त्या दीड तासात.”

बायको कधी परळीच्या पुढे गेली नव्हती. आमच्या पुतण्याने तिला संभाजीनगरला आणून विमानतळाच्या दारात सोडलं, तिथून ती एकटी. मी दोन दिवस आधीपासून हैराण होतो. पट्टा लावता येईल का, कुठे चुकेल का, सामानाच्या तपासणीत डिंकाच्या लाडवांना बॉम्ब समजतील का. विमान उतरायच्या किती आधी मी विमानतळावर जाऊन उभा होतो ते सांगत नाही. ती बाहेर आली ती दोन पिशव्या, एक गाठोडं आणि शेजारच्या सीटवरची एक अनोळखी बाई यांच्यासह. त्या बाईने हिला माझ्या ताब्यात दिलं आणि बाळंतिणीला हळिवाची खीर द्या म्हणून सांगून गेली.

“भ्या वाटलं का?” मी विचारलं.

“भ्यायला टाइम कुठं मिळाला? बसले, पट्टा लावला, त्या बाईला पोरीचं सांगाय लागले. माझं सांगून व्हायच्या आत उतरा म्हनले.” मग चालता चालता थांबली. “अवो, एवढंच अंतर हाय व्हय? मग आपन इतकी वर्सं लांब लांब काय करत व्हतो?”

मी तिच्या हातातलं गाठोडं घेऊन पुढे चालायला लागलो. जे विमान मला मिळालं नव्हतं त्यातून बायको आधी फिरून आली, याचा थोडा जळफळाटही होत होता.

पुढे लेक सुखरूप बाळंत झाली. नात झाली, जरा लहानखोरी, पण आवाज असा की माझ्या माइकची गरज नाही. बायकोने लेकीच्या सातव्या मजल्यावरच्या घरात सगळं नेकनूर मांडलं. शेपा-ओव्याची धुरी दिली तर छतातला धुराचा भोंगा वाजायला लागला, मग जावयांनी खुर्चीवर चढून तो बंद केला. बाज नव्हती, त्याची तिला चुटपुट लागली होती, पण साडीची झोळी बांधली. पाचवी पुजली. मी मात्र पाचवी झाल्यावर चार दिवसांत निघालो. घरी म्हैस होती, शेजाऱ्यांनी किती सांभाळायची? परत परळीपर्यंत रेल्वे, परत तेच दारात उभं राहणं.

नेकनूरला घरात मी एकटा. सकाळी पिठलं, संध्याकाळी सकाळचं पिठलं. मागच्या खोलीत नवी बाज तशीच उभी करून ठेवलेली, रंगाचा वास अजून होता. मी त्या खोलीत जायचं टाळायचो. ओट्यावर येरझाऱ्या चालूच होत्या, पण आता मुंग्या आहेत म्हणून ओरडायलाही कुणी नव्हतं. सव्वा महिना झाला, मी फोन केला. बायको म्हणाली, पोरीचं अंग अजून भरलं नाही. आणखी पंधरा दिवस गेले, मी परत फोन केला. ती म्हणाली, बाळाला सर्दी आहे. मग सर्दीही गेली. मग कुठलंच कारण उरलं नाही तेव्हा मी चिडलो.

“आता कावून येत न्हाईस? तिकीट काढतो. गेलीस तशी ये की एकटी. दीड तास तर हाय.”

“जाताना एकटी आले ते पोरीसाठी,” ती म्हणाली. “येताना एकटी कशी येऊ? माहेराहून बाई एकटी येती का कुठं?”

“माहेर?”

“मग काय. सकाळी उठले की पोरगी च्या आनून देती हातात. दुपारी म्हनती, आई, तू झोप जरा, मी हाय. माय गेल्यापसून मला कुनी झोप म्हनलं न्हाई.”

ती हे हसत सांगत होती, पण मला हसता येईना. लेकीचं माहेर तिच्यापर्यंत न्यायचं म्हणून आम्ही एवढी धडपड केली, आणि तिथे जाऊन माहेर मिळालं ते हिला. पंचमीला रस्त्याकडे बघत उभी राहायची तेव्हा मी गाड्या पुकारत होतो. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, त्यातलं जास्त काय वाटलं ते आजही सांगता येणार नाही.

मी म्हणालो, “बरं. मग न्यायला मुराळी पाठवतो.”

“पाठवा. पन बसनारा पाठवा,” ती म्हणाली. “उभ्या उभ्या पानी पिनारा नगं.”

म्हैस परत शेजाऱ्यांकडे बांधली. यावेळी मी विमानानेच गेलो. काउंटरवर मला कुणी काही विचारलं नाही, मीही आपण होऊन काही सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला पट्ट्याने बांधून बसवलं. दारात जाऊन उभं राहायची सोय नव्हती. खिडकीतून खाली पाहिलं तर रस्ते दिसत होते, दोऱ्यासारखे, पण कुठला रस्ता कुठे जातो ते मला ओळखता येईना. मग मी ते सोडून दिलं आणि नुसता बघत बसलो. दीड तास म्हणत होते तो दीड तासच निघाला.

लेकीच्या दारात पोचलो तेव्हा बायकोची पिशवी भरून उंबऱ्याजवळ तयार होती. तिला माझी सवय माहीत. लेकीने पाणी आणलं. बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

“परतीचं कितीचं हाय?”

“काढलंच न्हाई,” मी म्हणालो.

तिला ते खरं वाटलं नाही. तिने माझ्या हातातून फोन घेतला, तिला त्यातलं काही कळत नाही, तरी उलटसुलट करून पाहिला. मी चपला काढल्या. भिंतीला टेकून खाली मांडी घातली. लेकीने नातीला आणून माझ्या मांडीवर दिलं. ती झोपलेली होती, त्यामुळे आता मला हलताही येणार नव्हतं.

मग बायकोने पिशवी उचलून आत नेली. आतून डबे उघडल्याचा आवाज आला, डाळ धुतल्याचा आवाज आला, कुकरचं झाकण लागलं. पुरणाची डाळ शिजायला किती वेळ लागतो हे मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.